गोलकीपर व्हायचंय, पण हॉकीचा की फुटबॉलचा?

इंदुरात कुणी सांगितलं की आमचा मुलगा गोलकीपर आहे, तर ऐकणारा "अरे वा" म्हणतो आणि विषय पुढे सरकतो. कुठल्या खेळाचा, हे फारसं कुणी विचारत नाही. रामबागेतल्या एका काकूंनी तर नातवाला शाळेच्या फुटबॉल संघातून काढून सरळ हॉकीच्या ट्रायलला पाठवायचं ठरवलं होतं. "चेंडूच तर अडवायचाय रे, मोठा काय नि छोटा काय! भोपाळला अ‍ॅकॅडमी आहे, पुढे नोकरीचंही बघता येईल." नोकरीचं त्यांचं गणित बरंचसं बरोबर आहे. चेंडूचं साफ चुकलेलं आहे.

आधी मोजमाप बघा. फुटबॉलचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. हॉकीचा 3.66 मीटर रुंद, 2.14 मीटर उंच, म्हणजे रुंदीला बरोबर निम्मा. फुटबॉलचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा. हॉकीचा जेमतेम 160 ग्रॅमच्या आसपास, पण दगडासारखा टणक, आणि चांगल्या ड्रॅगफ्लिकरच्या, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन जोरात फेकणाऱ्याच्या, स्टिकवरून सुटला की ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे हॉकीत चेंडू बघून झेप घ्यायला वेळच नसतो. दोन पावलं पुढे येऊन अंग मध्ये घालायचं, बस. फुटबॉलमध्ये अंग घालून 7.32 मीटर झाकले जात नाहीत. तिथे चेंडू मारणाऱ्याचा पाय वाचत बाजूला सरकायचं, कोन कमी करायचा, आणि झेप अगदी शेवटी.

खरा फरक मात्र हातांचा आहे. हॉकीच्या गोलकीपरला चेंडू धरायची मुभाच नाही. डाव्या हातात जाड फोमचा सपाट हँड प्रोटेक्टर, उजव्या हातात तसाच एक आणि वर स्टिक. चेंडू हाताला लागला तर तो वळवायचा, पायाला लागला तर किकरने, म्हणजे बुटावर चढवलेल्या जाड फोमच्या आवरणाने, बाजूला भिरकवायचा. चेंडूवर आडवा पडून राहिलात तर समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर ठरवून हल्ला करायची संधी मिळते, कधी थेट स्ट्रोकही, म्हणजे एकट्या गोलकीपरसमोर मारायचा फटका. अडवणं आणि दूर पाठवणं हे तिथे एकाच हालचालीत उरकावं लागतं.

फुटबॉलचा गोलकीपर याच्या अगदी उलट. चेंडू छातीशी आला की तो त्याच्या मालकीचा. पुढचा हल्ला तिथूनच सुरू होणार असतो, म्हणून धरता येण्यासारखा चेंडू मुठीने उडवणाऱ्या पोराला कोच ओरडतो. 1992 पासून आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेता येत नाही, त्यामुळे पायांनीही नीट खेळता यावं लागतं. आणि 2025 पासून चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरून ठेवला तर समोरच्याला कॉर्नर. गंमत म्हणजे हॉकीत बरोबरी सोडवणाऱ्या शूटआउटमध्येही आठच सेकंद असतात, पण ते हल्लेखोराला: 23 मीटरच्या रेषेवरून निघून तेवढ्यात गोल करायचा. एकीकडे घड्याळ गोलकीपरच्या मानगुटीवर, दुसरीकडे त्याच्या बाजूने.

हॉकीत तयार झालेलं पोर फुटबॉलच्या गोलात उभं केलं की काय होतं, ते कुठल्याही मैदानावर दिसतं. जमिनीलगत फटका येतो, पोर डावा पाय आडवा टाकून तो अडवतं. अडवतं सुरेख! पण चेंडू पायाला लागून आठ-दहा फुटांवर समोरच्या स्ट्रायकरच्या बुटाशी जातो आणि दुसरा फटका जाळ्यात. हॉकीत किकर आणि पॅडच्या जोरावर तोच चेंडू पार बाजूला गेला असता. मग कॉर्नर येतो. उंच क्रॉस, चार जणांच्या डोक्यांवरून उतरणारा. असा चेंडू त्याने आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं, हे ठरेपर्यंत हेडर झालेला असतो. उलट, फुटबॉलचं पोर पॅड बांधून हॉकीत उतरलं की चेंडूवर दोन्ही हात मिटायला जातं आणि सवयीने एका बाजूला लवकर कलंडतं. चेंडू कुठून जातो? जिथून ते आत्ताच हललं, तिथून.

एवढं असूनही माझं मत असं की फुटबॉलकडून हॉकीकडे जाणं जमून जातं, उलटा प्रवास फार अवघड. उंच चेंडूचा अंदाज आणि धरायची सवय कोवळ्या वयात लागली तर लागली. पॅड घालून अंग मध्ये टाकायचं धाडस सोळाव्या वर्षीही शिकवता येतं.

आणि या पहिल्या प्रवासाचा दाखला इंदूरकरांना शोधायला लांब जावं लागत नाही. शंकर लक्ष्मण आपल्या महूचे, जन्म 1933 चा. सुरुवातीला फुटबॉल खेळायचे, कोदरिया गावाच्या संघाचे कप्तान होते. 1947 मध्ये सैन्यात बँडवाले म्हणून भरती झाले, पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत आले, आणि हॉकी सुरू झाली ती सैन्यातच. 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारताच्या गोलात ते होते. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. मेलबर्नला 1-0, टोकियोला 1-0, मध्ये रोमला 0-1 अशी हार. तीन अंतिम सामन्यांत मिळून एकच गोल खाल्ला! आणि हे सगळं हेल्मेट नसलेल्या जमान्यात. टोकियोच्या सामन्यानंतर एका परदेशी हॉकी वार्ताहराने लिहिलं होतं की हॉकीचा चेंडू लक्ष्मणला फुटबॉलएवढा दिसत असावा. त्या वार्ताहराला कोदरियाचा संघ माहीत होता की नाही कुणास ठाऊक, पण नेम बरोबर लागला. 1966 ची आशियाई स्पर्धा भारताने त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकली. 1968 च्या मेक्सिकोसाठी त्यांची निवड झाली नाही, तेव्हा खेळ सुटला. सैन्यातली नोकरी मात्र 1979 पर्यंत राहिली. शेवटची वर्षं हलाखीत गेली आणि 2006 मध्ये महूतच ते वारले. पद्मश्री, अर्जुन सगळं गाठीला असून.

तर करिअर. इथे पालकांची सर्वांत जास्त गफलत होते, कारण दोन्हीकडे गोलात एकच जागा असते. पण त्या जागेमागची रांग वेगळी असते. फुटबॉलच्या विश्वचषकाला 26 जणांचा संघ नेता येतो आणि त्यात तीन गोलकीपर असावेच लागतात. क्लबांचंही तसंच: दुसऱ्या-तिसऱ्या गोलकीपरलाही करार असतो, पगार असतो. इंग्लंडचा स्कॉट कार्सन 2019 ते 2025 मँचेस्टर सिटीत होता आणि या काळात संघासाठी फक्त दोन सामने खेळला. बाकी सारी वर्षं सराव आणि बाक. कुणाला हे आयुष्य वाया गेलेलं वाटेल. मला ती सरळ सरळ नोकरी वाटते. हॉकीत असली चैन नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताच्या 16 जणांच्या संघात गोलकीपर एकटा श्रीजेश. कृष्णबहादूर पाठकसारखा तयारीचा माणूस राखीव खेळाडूंत. पुढची संधी चार वर्षांनी.

वयाचा हिशेब दोन्हीकडे गोलकीपरच्या बाजूने आहे. इटलीचा दिनो झोफ चाळिशीत विश्वचषक जिंकला, इटलीचाच बुफॉन 45 व्या वर्षी निवृत्त झाला. श्रीजेशने 2021 चं टोकियो आणि पॅरिस इथली दोन ऑलिंपिक कांस्यपदकं घेऊन 36 व्या वर्षी हेल्मेट उतरवलं.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. भारतात हॉकीचा रस्ता अजून सैन्य, रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, पोलीस असा खात्याखात्यांतून जातो. मध्य प्रदेशात मुलांसाठी भोपाळची आणि मुलींसाठी ग्वाल्हेरची अ‍ॅकॅडमी आहे, म्हणजे घर फार लांब राहत नाही. नोकरी मिळतेच असंही नाही. सविता पुनियाला देशाच्या गोलात उभी असताना वर्षानुवर्षं नोकरीसाठी ताटकळावं लागलं. फुटबॉलमध्ये क्लबचा करार दोन-तीन वर्षांचा, रक्कम मोठी, पण पायाखालची जमीन हलती: देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगचा, म्हणजे आयएसएलचा, 2025-26 चा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही आणि खेळाडू घरी बसून राहिले. शिवाय इंदूरच्या पोराला त्यासाठी बंगळूर, गोवा, कोलकाता, केरळ असं घर सोडून जावं लागतं. भारताचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू तर नॉर्वेपर्यंत गेला आणि तिथल्या स्टाबेक क्लबकडून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. महिला संघाची गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडच्या वेस्ट हॅमकडून खेळून आली. ही नावं डोळ्यांसमोर असावीत, पण ती अपवाद आहेत हेही लक्षात असावं.

खर्चाचं दोन ओळींत: हॉकीचं पूर्ण किट, म्हणजे पॅड, किकर, हेल्मेट, चेस्ट गार्ड, घ्यायचं तर आकडा पाच अंकी होतो, पण ते वर्षं टिकतं. फुटबॉलला एक हातमोज्यांची जोडी पुरते. फक्त आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर तळव्याचं लेटेक्स एका मोसमातच सोलून निघतं, म्हणून जुनी जोडी सरावाला आणि नवी सामन्याला ठेवायची.

निवृत्तीनंतर पुन्हा दोन्ही वाटा जवळ येतात. फुटबॉलच्या क्लबात गोलकीपर कोच ही स्वतंत्र जागा असते आणि त्यासाठी आशियाई महासंघाचं वेगळं लायसन्स मिळतं. हॉकीतही शिबिरांना गोलकीपरचा स्वतंत्र प्रशिक्षक बोलावतात. 1982 च्या दिल्ली आशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 7-1 ने हरल्यावर ज्यांच्या नावाने देशभर खडे फोडले गेले, ते तेव्हाचे गोलकीपर मीररंजन नेगी 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाच्या गोलकीपर्सना शिकवत होते. श्रीजेश तर पॅरिसहून परतला तो थेट ज्युनियर संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, फक्त गोलकीपरांचा नव्हे, अख्ख्या संघाचा.