मार्चमध्ये चार मार्क, डिसेंबरात नऊ

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. वर्षभरात ऐकलेला प्रत्येक नवीन अल्बम मी तिच्यात लिहून ठेवतो, तारीख, कुठं ऐकला, कशावर ऐकला अन् दहापैकी मार्क. डिसेंबर लागला की वही उघडायची आणि वर्षातले आवडते दहा निवडायचे, हा सात-आठ वर्षांचा नेम आहे. आणि दरवर्षी होतं असं की पहिल्या दणक्यात ज्यांना आठ-नऊ दिलेले असतात त्यातले निम्मे परत लावूसे वाटत नाहीत, अन् ज्याला चार देऊन पान उलटलेलं असतं त्यातलाच एखादा वर्षभर कानात घर करून बसतो.

यंदाचंच सांगतो. मार्चमध्ये एक अल्बम ऐकला, अंबाबाईची गोंधळगीतं, पण खाली इलेक्ट्रॉनिक बेस अन् सिंथ लावलेला. ही गाणी आमच्याकडं लग्न झालं की गोंधळाला, नवरात्रात, तुळजापूरच्या वाटेवर, लहानपणापासून ऐकलेली, म्हणून उत्सुकता लई होती. दुपारची वेळ, आमच्या खत-बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, मोबाईल काउंटरवर ठेवला आणि स्पीकरवर लावून दिला. वहीत लिहिलंय: "पोकळ वाटतंय. संबळाचे बोल चांगले, खाली काहीच नाही. ४." नंतर मे महिन्यात एका रात्री लाईट गेली म्हणून गच्चीवर झोपलो होतो, हेडफोनवर तोच अल्बम सहज लागला आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत मी उठून बसलो होतो. ज्याला मी पोकळ म्हणलो होतो तिथं एक जाड, गार आवाज जमिनीतून यावा तसा सरकत होता. तो मार्चमध्ये कुठं गेला होता?

तर तो मोबाईलमधून बाहेरच आला नव्हता. खालचे स्वर म्हणजे हवेची सावकाश पण मोठी हालचाल, ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० वेळा हवा मागंपुढं ढकलायची, आणि तेवढी हवा ढकलायला पडदा मोठा लागतो. मोबाईलच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा, साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली त्याचा जीव संपतो. आता तुम्ही म्हणाल की मग मोबाईलवर पुरुष गायकाचा आवाज कसा काय ऐकू येतो, त्याची पट्टी तर शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास असते. इथं आपला मेंदू एक भन्नाट काम करतो. गळ्यातून १०० हर्ट्झचा सूर निघतो तेव्हा त्याच्याबरोबर २००, ३००, ४००, ५०० असे उपस्वरही निघत असतात. स्पीकरनं १०० गाळला, २०० बी गाळला, तरी ३००, ४००, ५०० पोचतात. मेंदू बघतो की यांच्यात शंभर-शंभरचं अंतर आहे, म्हणजे मूळ सूर शंभरचाच, आणि हवेत नसलेला तो सूर आपल्याला ऐकू येतो! फोनवर वडलांचा आवाज वडलांचाच वाटतो त्यामागं हेच आहे.

पण हे जमायला उपस्वर असावे लागतात, आणि ते हिशोबात असावे लागतात. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर अपूर्णांकात येतात, मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट, त्यातून मेंदूला एक पक्का सूर पकडता येत नाही. तबल्याचं मात्र वेगळं आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं की तबला-मृदंगावर जी काळी शाई थरावर थर देऊन लावतात तिच्या वजनामुळं हे उपस्वर जवळपास पूर्णांकात येऊन बसतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, म्हणूनच तबला सुरात लावता येतो. नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधीचं हे काम. ज्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या बोटांनी ती शाई घोटून लावली त्यांनी हे गणित कानानं सोडवलं होतं, मला रामन यांच्याइतकाच त्यांचाही आदर वाटतो.

माझ्या अल्बममधला इलेक्ट्रॉनिक बेस हा जवळपास शुद्ध सूर होता, उपस्वर नसलेला, नुसती एक गोलाई. स्पीकरनं तो गाळला की मेंदूला उभं करायला काहीच उरत नाही. म्हणजे मी ते चार मार्क दिले ते अर्ध्या अल्बमला.

आणखी एक भानगड आवाजाच्या पातळीची. आवाज कमी केला की आपला कान खालच्या सुरांना सगळ्यात आधी सोडतो. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी याची मोजमापं घेतली होती, तेव्हापासून ही गोष्ट पक्की माहीत आहे. उलट दोन गाण्यांतलं एक थोडंसं मोठ्या आवाजात लावलं तर आपल्याला ते मोठं नाही, चांगलं वाटतं. त्यामुळं दुकानात बारीक आवाजात ऐकलेला एक अल्बम अन् गाडीत फुल्ल ठेवून ऐकलेला दुसरा, यांची तुलनाच होत नाही. माझ्या जुन्या वह्यांमधले किती मार्क असे चुकीचे पडले असतील, आता मोजता पण येत नाहीत.

पण नुसतं स्पीकर-हेडफोनचं असतं तर मेमधल्या त्या रात्रीच मी नऊ दिले असते. तेव्हा दिले सात. नऊ झाले ते पुढं, पाच-सहा वेळा ऐकल्यावर, आणि ह्याचं कारण कानाच्या मागं आहे.

पाचव्या गाण्यात एक जागा आहे. संबळ चढत चढत जातंय, झांज जोडीला, आणि एकदम सगळं थांबतं. साधारण दोन सेकंद काहीच नाही, फक्त गोंधळ्यानं घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि मग दहा-बारा गळ्यांतून "उदो उदो" आणि त्याच्याखाली तो बेस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गाणं अडकलं. आता तो श्वास यायच्या आधीच अंगावर काटा येतो.

हा "यायच्या आधी" महत्त्वाचा. कॅनडात माँट्रियलला व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना गाणं ऐकून खरंच काटा येतो अशी माणसं शोधून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, २०११ साली ते छापून आलं. आवडती जागा आली की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, चांगलंचुंगलं खाताना मेंदूची जी यंत्रणा जागी होते तीच ही. पण त्यांना दिसलं असं की जागा प्रत्यक्ष येते तेव्हा एका भागात, न्यूक्लिअस अॅक्युम्बन्समध्ये, आणि ती येणार येणार म्हणून आपण वाट बघत असतो त्या काही सेकंदांत दुसऱ्या भागात, कॉडेटमध्ये, डोपामिन सुटतं. म्हणजे वाट बघणं हाच आनंदाचा एक वेगळा हिस्सा आहे. आता अल्बम पहिल्यांदा ऐकताना काय येणार हेच माहीत नसेल तर त्या जागेची वाट कशी बघणार?

मग नवीन गाणं पहिल्या फटक्यात कधीच आवडायला नको, पण आवडतं की. त्याचंही उत्तर याच मंडळींनी २०१३ साली शोधलं. लोकांना आधी न ऐकलेल्या गाण्यांचे ६० तुकडे ऐकवले आणि विचारलं, हे विकत घ्यायला खिशातले किती पैसे लावाल, शून्यापासून दोन डॉलरपर्यंत. ज्या गाण्याला जास्त पैसे लागले त्या वेळी अॅक्युम्बन्स जास्त जागा होता, आणि त्याचा मेंदूच्या ऐकण्याच्या भागाशी संवाद वाढलेला होता. ऐकण्याच्या भागात आपण जन्मभर ऐकलेल्या आवाजांचे साचे साठलेले असतात. नवीन गाणं आलं की मेंदू त्या साच्यांवरून अंदाज बांधतो, पुढचा ठेका इथं पडेल, सूर असा वळेल, आणि अंदाज बरोबर आला किंवा गोड चुकला की मजा येते. म्हणून एकच अल्बम दोन माणसांना दोन वेगळे अल्बम असतात.

हे मला आईकडं बघून पटलं. तिनं तो अल्बम ऐकला तोही मोबाईलच्या त्याच फुटक्या स्पीकरवर, गव्हातले खडे निवडता निवडता. तिला बेसशी काही देणंघेणं नव्हतं. पाचव्या गाण्यात सगळं थांबलं तिथं तिचा हात सुपातच थांबला, आणि "उदो उदो" तिनं गाण्याच्या अगदी बरोबर जागेवर म्हणलं, अल्बम आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असताना. साठ-पासष्ट वर्षांचे साचे तिच्याकडं तयार होते, मला जे सहाव्या वेळी मिळालं ते तिला पहिल्यालाच मिळालं.

नुसतं परत परत समोर आल्यानं गोष्ट आवडायला लागते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं, अर्थ माहीत नसलेले शब्द अन् चिनी धाटणीची अक्षरं दाखवून. पण त्याला हद्द आहे. डॅनियल बर्लाइन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली मांडलेली कल्पना अशी की आवड टेकडीसारखी चढते आणि उतरते, फार अनोळखी गोष्ट नको वाटते, ओळख वाढत गेली की गोडी वाढते, आणि पूर्ण पाठ झाली की कंटाळा. गणपतीच्या दहा दिवसांत मंडपात तेच गाणं रोज वीसदा वाजलं की विसर्जनापर्यंत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोप्या गाण्याची टेकडी लवकर चढते अन् लवकर उतरते. माझ्या वहीतले जानेवारीचे आठ-नऊवाले गळतात ते ह्याच्यामुळं, त्यांच्यात तिसऱ्यांदा ऐकताना सापडेल असं काही शिल्लक नसतं.

बाकीच्यांच्या याद्या बघण्याबद्दल पण थोडं. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी २००६ साली एक मोठा प्रयोग छापला, १४,३४१ लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काही लोकांना नुसती गाणी दिली, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं अन् आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाऊनलोड केलं तो आकडा दाखवला. आकडा दिसला की पुढचे लोक तिकडंच वळत गेले, आणि आठ गटांत हिट गाणी वेगवेगळी निघाली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी टुकार सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. हे वाचल्यापासून माझी यादी पूर्ण झाल्याशिवाय मी दुसऱ्या कुणाची बघत नाही. आपल्याकडं १४ एप्रिलच्या आधी नव्या भीमगीतांची लाट येते, नवरात्राच्या आधी देवीच्या गाण्यांची, त्यात व्ह्यूजचा आकडा बघून ऐकायला बसलं तर मधलीच गाणी, म्हणजे बहुतेक सगळीच, हातातून निसटतात.

आता मी मार्क तीनदा देतो. एकदा कुठंही, दुसऱ्यांदा रात्री हेडफोनवर, आणि तिसऱ्यांदा महिनाभर गेल्यावर, तिन्ही वेळा पूर्ण अल्बम, क्रमानं. हेडफोनवर आवाज दर वेळी एकाच खुणेवर.

यंदाच्या यादीत नऊ जागा भरल्यात, गोंधळगीतांचा अल्बम एक नंबरला आहे. दहाव्या जागेसाठी एक अल्बम राहिलाय, नुसती सारंगी आणि पावसाचा आवाज, चाळीस मिनिटं, गाणारं कुणीच नाही. पहिल्यांदा पाच दिले होते, दुसऱ्यांदा पण पाचच. पण परवा युरियाची पोती मोजताना त्यातली एक सुरावट मी गुणगुणत होतो, कुठली ते आधी कळलंच नाही, अन् ध्यानात आल्यावर मोजणी चुकली. शनिवारी रात्री गोधडी घेऊन गच्चीवर जाणार आहे, तिसऱ्यांदा ऐकायला.