"साबळे असता तर टोकियोत गोल्ड होतं": शंभर मीटरची वेळ आणि पंधराशेची वेळ यातला घोळ

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशने ८:३३.८८ ला गोल्ड नेलं आणि दहा मिनिटांत आमच्या ग्रुपवर मेसेज आला, "आपल्या अविनाशचं ८:०९ आहे, तो असता तर चोवीस सेकंदांनी जिंकला असता." खाली अंगठे, तिरंगे, सगळं. मी नगरकडचा, अविनाशचं आष्टी आमच्यापासून काही लांब नाही, अविनाश साबळेचं कौतुक मला कुणापेक्षा कमी नाही. पण हे वाक्य साफ चूक आहे, आणि दर मोठ्या स्पर्धेला ते नव्या नावाने परत येतं, म्हणून एकदाच नीट लिहितोय.

घोळ एवढाच आहे की आपण सगळे शंभर मीटर बघत मोठे झालो आणि तिथला चष्मा घालूनच मिडल डिस्टन्स, म्हणजे ८००-१५०० मीटरच्या शर्यती, बघतो. (स्टीपलचेस काटेकोरपणे मिडल डिस्टन्समध्ये धरायची की लाँगमध्ये, यावर वाद घालणारे भेटतील, पण शर्यतीचा स्वभाव पंधराशेचाच आहे, म्हणून मी ती इथेच धरतोय.)

शंभर मीटर तुम्हाला माहीतच आहे. ब्लॉक्स, आपापली लेन, बंदुकीच्या आधी किंवा ती वाजल्यावर ०.१०० सेकंदाच्या आत हाललात तर बाहेर, बोल्टसुद्धा २०११ ला देगूमध्ये असाच बाहेर गेला होता. पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर रेकॉर्ड धरत नाहीत. ८०० पासून पुढे ब्लॉक्स नाहीत, उभ्याने सुरुवात, ८०० ला पहिलं वळण लेनमध्ये आणि मग सगळे आत, १५०० ला लेनच नाही. हे सगळे फरक डोळ्यांना दिसतात, त्यात कुणी चुकत नाही. ४०० ला मिडल डिस्टन्स म्हणणारे मात्र थोडे चुकतात, ४०० ही स्प्रिंटच, लेनमधली, ब्लॉक्समधली, फक्त शेवटचे ८० मीटर जीव काढणारी.

आता खरा मुद्दा, वेळ.

शंभर मीटरमध्ये वेळ आणि निकाल ही एकच गोष्ट आहे. आठ जण, आठ लेन, प्रत्येक जण पहिल्या पावलापासून अंगात आहे तेवढं सगळं लावून धावतो, मागे राहून फायदा नाही, पुढे जाऊन तोटा नाही. शेजारच्या लेनमध्ये बोल्ट असला काय आणि नसला काय, तुमचे दहा सेकंद तुमचेच. त्यामुळे ज्याची त्या सीझनची वेळ ९.७७ आहे तो ९.९५ वाल्याला बहुतेक वेळा हरवणार हे धरून चालायला हरकत नाही, घोळ होतो तो दोन-तीन शतांश इकडे तिकडे. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचेही ९.७९, हजारांशपर्यंत गेलं तेव्हा लाइल्सचे ९.७८४ आणि थॉम्पसनचे ९.७८९, म्हणून गोल्ड लाइल्सला. तिथे स्टॉपवॉचच पंच आहे.

पंधराशेत स्टॉपवॉच पंच नाही. तिथे वेळ म्हणजे त्या दिवशी त्या बारा-चौदा जणांनी मिळून शर्यत कशी खेळली त्याचा हिशोब. एकट्या माणसाचं ते मोजमापच नाही.

कारण साधं आहे आणि ज्यांनी गावाकडे समोरच्या वाऱ्यात सायकल मारलीय त्यांना लगेच कळेल. दुसऱ्या सायकलच्या मागे लागलं की निम्मा त्रास कमी होतो, आणि पुढचा माणूस तुमच्यासाठी वारा कापत राहतो. ३:३० च्या पंधराशेचा वेग ताशी २५-२६ किलोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे पुढे धावणाऱ्याला वारा लागतोच, वर मागे कोण किती जवळ आहे ते त्याला दिसत नाही, आणि मागचे सगळे त्याच्या खांद्यावर डोळा ठेवून आरामात येतात. मग पुढे कोण जाईल? कुणालाच जायचं नसतं. मी शाळेत असताना जिल्ह्याच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर, पंधराशे धावलोय. पहिल्या दोन फेऱ्या सगळे एका घोळक्यात, पुढच्याच्या टाचा माझ्या नडगीला लागत होत्या, बाजूच्याचं कोपर बरगडीत, आणि शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मी आतल्या कडेला पुरता अडकलो होतो, पाय ताजे होते, दम होता, पण समोर दोघे आणि बाहेर एक, निघायला वाटच नाही. वाट मिळाली तोवर तिघे दहा मीटर पुढे गेले होते. त्या दिवशीची माझी वेळ बघून कुणी माझी ताकद मोजली असती तर चुकीची मोजली असती, आणि जिंकणाऱ्याचीही.

हेच ऑलिम्पिक पातळीवर बघायचं असेल तर रिओ २०१६ ची पुरुषांची १५०० ची फायनल. मी ती किती वेळा बघितलीय माहीत नाही. अमेरिकेचा मॅथ्यू सेन्ट्रोविट्झ सुरुवातीलाच पुढे गेला आणि पुढे जाऊन पळायच्या ऐवजी त्याने शर्यत थंड केली, पहिले ४०० जवळपास ६७ सेकंदांत, ८०० ला २:१६ च्या वर, म्हणजे चांगला कॉलेजचा पोरगाही तिथपर्यंत सोबत राहिला असता. आणि हा आतल्या कडेला चिकटून, कुणाला आतून येऊ द्यायचं नाही, बाहेरून जायचं तर लांबचा रस्ता. मग शेवटची फेरी, साधारण ५१ सेकंदांत! अल्जेरियाचा मखलुफी मागे होता, लंडन २०१२ चा गोल्डवाला, त्यालाही पार करता आलं नाही. सेन्ट्रोविट्झ ३:५०.००, मखलुफी ३:५०.११, न्यूझीलंडचा निक विलिस ३:५०.२४. १९३२ नंतरची ऑलिम्पिकमधली सगळ्यात संथ विजयी वेळ. आणि माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतली डोक्याने धावलेली सगळ्यात सुंदर शर्यत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिथेच पॅरालिम्पिक झाली आणि टी-१३ गटात, म्हणजे अंशतः दृष्टी असलेल्यांच्या गटात, अल्जेरियाच्या अब्देलातिफ बाकाने १५०० मीटर ३:४८.२९ ला जिंकली. पहिले चारही जण ३:५० च्या आत. आणि जगभर बातम्या फिरल्या, "पॅरालिम्पिक धावपटू ऑलिम्पिक चॅम्पियनपेक्षा वेगवान." अजून फिरतात, दर चार वर्षांनी कुणीतरी पाठवतंच. मला या मेसेजचा खरंच त्रास होतो, कारण तो दोघांवरही अन्याय करतो. सेन्ट्रोविट्झ त्या दिवशी ३:४८ धावू शकत नव्हता असं नाही, त्याला धावायची गरज नव्हती, त्याने मुद्दाम शर्यत संथ ठेवली कारण शेवटच्या फेरीत तो सगळ्यांना भारी पडेल हे त्याला ठाऊक होतं. आणि बाकाचं गोल्ड हे बाकाचं गोल्ड आहे, त्याच्या फायनलमध्ये त्याचा भाऊ फुआद चौथा आला, इथिओपियाचा पोरगा फक्त वीस शतांशांनी मागे राहिला, त्या शर्यतीची स्वतःची गोष्ट आहे, ती कुणी सांगतच नाही, सगळ्यांना फक्त दोन आकडे शेजारी ठेवायचेत.

उलटं टोकही आहे. लंडन २०१२ ची ८०० ची फायनल, केनियाचा डेव्हिड रुडिशा पहिल्या पावलापासून पुढे, पहिली फेरी ४९.२८, आणि शेवटी १:४०.९१, वर्ल्ड रेकॉर्ड. पण माझं लक्ष दरवेळी जातं ते आठव्या नंबरवर. ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी शेवटचा आला, १:४३.७७ ला. बीजिंग २००८ चं ८०० चं गोल्ड १:४४.६५ ला गेलं होतं, अथेन्सचं १:४४.४५ ला, सिडनीचं १:४५.०८ ला. म्हणजे लंडनमध्ये शेवटचा आलेला माणूस आधीच्या तिन्ही ऑलिम्पिकच्या विजेत्यांपेक्षा कमी वेळात धावला. तो त्यांच्यापेक्षा मोठा धावपटू होता का? नाही. एका माणसाने पुढे जाऊन शर्यत ओढली आणि मागचे सातही जण त्या ओढीत आले. शंभर मीटरमध्ये असं होत नाही, बर्लिनला २००९ मध्ये बोल्टने ९.५८ काढले म्हणून आठव्या लेनवाल्याला काही मिळालं नाही.

आयोजकांनाही हे कळतं. वर्ल्ड चॅम्पियनशिपला शंभर मीटरच्या सेमीतून प्रत्येकी पहिले दोघे आणि वर वेळेनुसार आणखी दोघे घेतात. पंधराशेच्या हीटमधून, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या शर्यतींतून, २०२३ पासून प्रत्येकी फक्त पहिले सहा, वेळेवर कुणीच नाही. कारण एक हीट संथ आणि दुसरी वेगवान असेल तर वेळ बघून माणूस निवडणं हा अन्यायच.

याच घोळाचं एक पिल्लू म्हणजे "शेवटी गिअर टाकला". पॅरिसच्या १०० मध्ये लाइल्स पहिल्या ३० मीटरला आठवा होता, शेवटी पहिला, म्हणून सगळे म्हणतात शेवटी काय सुटला! सुटला नाही. शंभर मीटरमध्ये ६०-७० मीटरच्या पुढे कुणाचाच वेग वाढत नाही, सगळ्यांचा कमी होत असतो, जिंकणाऱ्याचा सगळ्यात कमी घटतो. बोल्टच्या ९.५८ मध्येसुद्धा ६० ते ८० हा टप्पा १.६१ सेकंदांचा आणि शेवटचे २० मीटर १.६६ चे. रिओच्या पंधराशेत मात्र तो खरोखरचा गिअर होता, ६७ च्या फेरीवरून ५१ च्या फेरीवर. दोन्हीला आपण "फिनिशिंग किक" म्हणतो, आणि मला वाटतं स्प्रिंटसाठी तो शब्द वापरूच नये.

आणि एक, कृपा करून ३:५० ला "३.५० मिनिटं" लिहू नका. ३.५० मिनिटं म्हणजे साडेतीन मिनिटं, त्यात वीस सेकंदांचा फरक आहे आणि पंधराशेत वीस सेकंद म्हणजे निदान १३० मीटर! मोठ्या पेपरांतही हे छापून येतं.

संथ शर्यत म्हणजेच चांगली असं माझं म्हणणं नाही. पॅरिस ऑलिम्पिकच्या १५०० ला नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिगत्सनने सुरुवातीपासून शर्यत तापवली आणि अमेरिकेच्या कोल हॉकरने ३:२७.६५ चा ऑलिम्पिक रेकॉर्ड करून जिंकली. स्वतः याकोब ३:२८.२४ ला चौथा, त्याच्या आधीच्या ऑलिम्पिक रेकॉर्डपेक्षाही चांगली वेळ आणि हातात काही नाही. हॉकर, ब्रिटनचा जॉश कर आणि अमेरिकेचा यारेड नगूस, पहिल्या तिघांनी त्याच्या मागे वारा वाचवला.

आता परत अविनाशकडे. त्याचे ८:०९.९१ आले पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये, ७ जुलै २०२४ ला. तिथे वेग ठरवायला पेसमेकर असतात, ते ठरलेल्या वेगाने पुढे ओढतात आणि बाजूला होतात. चॅम्पियनशिपमध्ये पेसमेकर नसतो. आणि त्या शर्यतीत तो कितवा आला? सहावा. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ सहाव्या नंबरवर आली, आणि हांगझोऊला एशियन गेम्सचं गोल्ड आलं ते ८:१९.५० ला.

टोकियोत बीमिशच्या मागे दुसरा कोण होता? मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली, दोन ऑलिम्पिक गोल्ड, दोन वर्ल्ड गोल्ड, सर्वोत्तम वेळ ७:५६.६८. तो ८:३३.९५ ला हरला, सात शतांशांनी. वेळेवरूनच निकाल लागत असता तर तो तिथे हरूच शकला नसता. बीमिश २०२४ चा इनडोअर १५०० चा वर्ल्ड चॅम्पियन आहे, संथ शर्यत आणि शेवटी झेप हे त्याचं घरचं मैदान. अविनाशची ताकद वेगळी आहे, तो सलग जोरात ओढून समोरच्याला दमवतो, आणि अशा ८:३३ च्या शर्यतीत ती ताकद वापरायलाच मिळत नाही. हे अंदाजाने बोलत नाहीये, २०२२ ला युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये नेमकं हेच झालं. तेव्हा त्याचं ८:१२.४८ होतं, एल बक्कालीने गोल्ड घेतलं ८:२५.१३ ला, म्हणजे कागदावर अविनाश बारा सेकंद पुढे, आणि प्रत्यक्षात ८:३१.७५ ला अकरावा.

मग तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थ. तिथे १९९८ पासून स्टीपलचेसची तिन्ही मेडल दरवेळी केनियाला जात होती. यावेळी वेग चांगला होता, शर्यत ताणली गेली आणि अविनाश केनियाच्या तिघांमध्ये टिकला. शेवटच्या सरळ रेषेत अब्राहम किबिवोट पुढे आणि हा त्याच्या अंगावर, प्रत्येक पावलाला अंतर कमी होत होतं, मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०.