१७८० सालचा थेलर त्या सालचाच असतो का?

मारिया थेरेसा थेलर या ऑस्ट्रियन चांदीच्या नाण्यावर १७८० हे साल दिसले की ते नाणे अडीचशे वर्षांचे आणि म्हणून दुर्मीळ आहे, असा समज संग्राहकांत दीर्घकाळ रूढ आहे. तो चुकीचा आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचे निधन २९ नोव्हेंबर १७८० रोजी झाले. परंतु तांबड्या समुद्राभोवतीच्या व्यापाऱ्यांचा विश्वास याच नाण्यावर बसलेला असल्यामुळे ते पुढेही त्याच सालासह पाडले जात राहिले.

मागील बाजूचा द्विमुखी गरुड, त्याच्या छातीवरील ढालीत मध्यभागी ऑस्ट्रियाचे आणि भोवती हंगेरी, बोहेमिया आदी प्रदेशांचे चिन्ह, हे सारे तसेच राहिले. १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य आणि १९१८ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याची सत्ता संपली, तरीही. पुढील बाजूवरील ‘एस. एफ.’ ही अक्षरे आजच्या जर्मनीतील ग्युन्झबुर्ग टांकसाळीतील शोबल व फाबी या अधिकाऱ्यांची आहेत, पण तीही पुढे सर्वत्र नकलली गेल्याने त्यांवरून टांकसाळ ठरत नाही.

आपल्यासाठी विशेष म्हणजे १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही हे थेलर पाडले गेले. सुमारे २८ ग्रॅम वजनाच्या या नाण्याचा खरा काळ गरुडाची पिसे आणि सम्राज्ञीच्या वस्त्रावरील पिन यांतील सूक्ष्म फरकांवरूनच शोधावा लागतो.