न मिळालेल्या भावाचे काय करायचे?

महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर होतो तेव्हा चर्चा होते ती एका आकड्याची. त्या आकड्याच्या पोटात हजारो भाव असतात आणि त्यांतले काही त्या महिन्यात कुणी पाहिलेलेच नसतात. दुकान बंद होते, माल संपला होता, मॉडेल निघून गेले, हंगाम सरला. या रिकाम्या जागा कशा भरायच्या हे आधीच लिहून ठेवलेले नसेल, तर हिशेबाचे सूत्र कितीही चोख असले तरी निर्देशांक चुकतो. आणि ती चूक सहजासहजी मागे घेता येत नाही. पगार, निवृत्तिवेतन, भाडेकरार या आकड्याला बांधलेले असल्यामुळे बहुतेक देशांत एकदा जाहीर झालेला निर्देशांक बदलत नाहीत.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, युरोस्टॅट (युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय), जागतिक बँक आदी संस्थांनी हा निर्देशांक कसा काढावा याची २००४ ची मार्गदर्शक पुस्तिका २०२० मध्ये नव्याने लिहून काढली, ती याच गरजेतून. जुनी पुस्तिका बऱ्याच ठिकाणी पर्याय मांडून थांबत होती. नवी अधिक ठिकाणी ‘हे करा, हे करू नका’ असे स्पष्ट सांगते. दरमहा काम उरकायचे असणाऱ्या माणसाला याचीच गरज असते.

सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे मागच्या महिन्याचाच भाव पुढे ओढणे. एकाच वस्तूचे चार दुकानांतले भाव घ्या. पहिल्या महिन्यात चारही ठिकाणी १००. दुसऱ्या महिन्यात तीन दुकानांत ११०, चौथ्यात माल नाही. तिसऱ्या महिन्यात चारही ठिकाणी १२१. म्हणजे दरमहा वाढ १० टक्के. आता चौथ्या दुकानाचा १०० हाच भाव दुसऱ्या महिन्यात पुढे ओढला, तर भूमितीय सरासरीने (आकड्यांची बेरीज नव्हे, गुणाकार करून त्याचे मूळ काढणाऱ्या सरासरीने) त्या महिन्याची वाढ ७.४ टक्के दिसते आणि पुढच्या महिन्याची १२.७ टक्के. एक रिकामी जागा, दोन चुकीचे महिने. माल परत आलाच नाही, तर चूक कायमचीच.

योग्य रीत अशी: चौथ्या दुकानाचा जुना भाव बाकीच्या तिघांच्या सरासरी बदलाने पुढे न्यायचा, म्हणजे ११० धरायचा, आणि तो अंदाजी असल्याची खूण करून नोंदवून ठेवायचा. ही नोंद कटाक्षाने करावी. समजा, तिसऱ्या महिन्यात चौथ्या दुकानाचा खरा भाव १२१ नव्हे तर १६० निघाला. ११० ची नोंद असेल तर ११० ते १६० ही वाढ निर्देशांकात येते आणि अंदाजातली चूक आपोआप भरून निघते. नोंद न ठेवता ते दुकान त्या महिन्यापुरते नुसते वगळले, तर पुढच्या महिन्यात तुलनेला मागचा भावच उरत नाही आणि ती वाढ कायमची गळते.

भाव पुढे ओढायला परवानगी एकाच बाबतीत असावी: जिथे तो बदललेला नाही हे ठाऊक असते. सरकारने ठरवलेले दर, वर्षातून एकदाच बदलणारे शुल्क, ही त्याची उदाहरणे.

प्रत्येक रिकाम्या जागेला कारणाची खूण हवी: तात्पुरती, हंगामी की कायमची. तात्पुरत्या गैरहजेरीला मुदत हवी, साधारणपणे दोन-तीन महिन्यांची. त्यानंतर पर्यायी वस्तू निवडलीच पाहिजे, नाहीतर नमुन्यात, म्हणजे भाव टिपण्यासाठी निवडलेल्या वस्तू-दुकानांत, अंदाजच साठत जातात. पर्याय निवडताना भाव टिपणारा कर्मचारी बहुधा जुन्या वस्तूशी सर्वांत मिळतीजुळती वस्तू उचलतो. ती जुनी वस्तू बाजारातून जात असेल, तर तिच्यासारखीही लवकरच जाणार असते. ग्राहक जे जास्त घेतात आणि जे पुढे काही काळ मिळत राहील, असे निवडावे.

बदली वस्तूच्या वेळी होणारी सर्वांत महागडी चूक कपड्यांत दिसते. शर्टाचा नेहमीचा भाव १००. हंगामअखेरीच्या सवलतीत तो ६० ला विकला जातो आणि मग दुकानातून नाहीसा होतो. त्याच्या जागी नवा शर्ट येतो, भाव १००. नवी वस्तू वेगळी आहे, म्हणून साखळीत, म्हणजे एकापुढे एक गुणलेल्या मासिक बदलांत, जोडताना बदल शून्य धरला, तर निर्देशांक ६० वरच अडकतो. दर हंगामाला असेच झाले, तर काही वर्षांत कपडे जवळपास फुकट मिळत असल्याचे आकडे सांगू लागतील. दोन्ही शर्टांचा दर्जा सारखा असेल, तर ६० ते १०० अशी सरळ तुलना करावी. सारखा नसेल, तर आधी जुन्या शर्टाचा भाव त्याच्या नेहमीच्या पातळीवर परत आणावा, मगच नवा जोडावा. जुना-नवा दोन्ही एकाच महिन्यात मिळाले, तर त्यांच्या भावांतला फरक हाच दर्जाचा फरक मानण्याची पद्धत आहे. पण जुना सवलतीत निघालेला असेल, तर तीही फसवते.

आकारमान बदलले तर हिशेब सोपा आहे. ५०० ग्रॅमचा पुडा ४५० चा झाला आणि भाव तोच राहिला, तर खरी वाढ ११.१ टक्के. ती सुटते, कारण नमुन्याच्या वर्णनात वजन लिहिलेलेच नसते. म्हणून वर्णनात ब्रँड, मॉडेल, वजन, बांधणी आणि विक्रीची अट, हे सगळे हवे.

भावांची छाननी करताना गणिताचा एक सापळा लागतो. ‘६० टक्क्यांपेक्षा जास्त बदल असेल तर नाकारा’ असा नियम संगणकात घातला आहे असे समजा. भाव १०० वरून ५० वर आला, उतार ५० टक्के, नोंद स्वीकारली. पुढच्या महिन्यात ५० चे पुन्हा १०० झाले, वाढ १०० टक्के, नोंद नाकारली. सवलत आत शिरली, पण सवलत संपल्याचे बाहेरच राहिले. मर्यादा गुणोत्तरात ठेवावी: दुप्पट चालत असेल, तर निम्मेही चालले पाहिजे. शिवाय मर्यादा ओलांडणारा भाव परस्पर काढून टाकायचा नसतो. तो दुकानात परत विचारून पक्का करायचा असतो. खरा असेल, तर तो कितीही विचित्र दिसला तरी राहतो.

सूत्राची निवडही याच तळच्या पातळीवर महत्त्वाची ठरते, कारण इथे सहसा कोणत्या दुकानात किती विक्री झाली याचे भार (प्रत्येक भावाला द्यायचे वजन) उपलब्ध नसतात. दोन दुकानांत १०० आणि १०० असा भाव होता, तो २०० आणि ५० झाला आणि मग पुन्हा १०० आणि १००. दरमहाच्या बदलांची साधी सरासरी काढण्याची रीत १८ व्या शतकातले इटालियन अर्थतज्ज्ञ कार्ली यांच्या नावाने ओळखली जाते. तिने पहिला बदल १.२५ पट, दुसराही १.२५ पट. साखळीने जोडले की निर्देशांक १५६.२५, आणि भाव तर जिथल्या तिथे! इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांची भूमितीय सरासरी १०० वर परत येते. ब्रिटनच्या जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकात कार्लीची रीत होती. त्या निर्देशांकाचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा २०१३ मध्ये काढून घेतला गेला, त्यामागे हे मोठे कारण होते. आजचा सल्ला स्पष्ट आहे: जेव्हन्स वापरा, वस्तू अगदी एकजिनसी असेल, तर सरासरी भावांचे गुणोत्तर काढणारी द्युतो यांची रीतही चालेल, कार्ली नको.

भारांबद्दल थोडक्यात: कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून आलेले भार किमान दर पाच वर्षांनी बदलावेत, जमल्यास दरवर्षी. दुकानांच्या बिलिंग यंत्रांतला डेटा वापरला की विकल्या गेलेल्या नगांसकट सगळे हाती येते. नेदरलँड्सने तो २००२ पासून निर्देशांकात घेतला. पण सवलतीच्या आठवड्यात लोक साठा करतात आणि नंतर खरेदी थांबवतात. त्यामुळे विक्रीचे भार घालून दरमहा साखळी जोडली की निर्देशांक वाहवत जातो. म्हणून अशा डेटासाठी अनेक महिन्यांची एकत्र तुलना करणाऱ्या पद्धती लागतात. ऑस्ट्रेलियाने त्या २०१७ मध्ये स्वीकारल्या.

अंदाज किती वापरले हे वाचकाला सांगणे, हा भाग बराच काळ दुर्लक्षित होता. २०२० मध्ये कोविडमुळे दुकाने बंद झाली तेव्हा युरोपात तो पुढे आला. ज्या उपनिर्देशांकात निम्म्याहून अधिक भाग अंदाजी होता, त्यावर कमी विश्वासार्हतेची खूण छापली गेली. हे एरवीही करता येते. प्रत्येक गटात त्या महिन्यात किती टक्के भाव प्रत्यक्ष टिपले, किती अंदाजी, किती वस्तू बदलल्या आणि कोणत्या रीतीने जोडल्या, असा चार रकान्यांचा तक्ता निर्देशांकासोबतच द्यावा. एखाद्या गटात अंदाजी भावांचा रकाना सलग तीन महिने फुगत गेला, तर तिथला नमुना नव्याने निवडायची वेळ झालेली असते.