चाकण-तळेगावला परदेशी पैसा आला कसा, आणि त्यातलं टिकलं काय

एफडीआयचा, म्हणजे थेट परदेशी गुंतवणुकीचा, विषय निघाला की आपल्याकडे सगळे थेट 1991 वर जातात, पण सुरुवात 1973 च्या फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्यापासून करायला हवी. बहुतेक धंद्यांत परदेशी मालकी 40 टक्क्यांवर आणा असा तो नियम, मग 1977 मध्ये कोकाकोला गेली, पाठोपाठ आयबीएम गेली, आणि कोलगेटसारख्यांनी शेअर विकून हिस्सा कमी केला पण इथेच राहिल्या.

त्याच काळात, 1982 ला, मारुतीत सुझुकीला फक्त 26 टक्के दिले आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे असं ठरलं. मला विचाराल तर आपल्या वाहन उद्योगातली सगळ्यात मोलाची अट हीच. कारण गाडी असेंबल करणं सोपं असतं, पण काच, सीट, हेडलाइट, ब्रेक हे सगळं इथल्या व्हेंडरने, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याने, वेळेवर आणि रिजेक्शन न होता द्यायचं तर त्याला मशीन, मापं, क्वालिटी सगळंच शिकावं लागतं, आणि हे शिकलेलं कंपनी गेली तरी जात नाही.

1991 ला मात्र परकीय चलनाची परिस्थिती हातघाईवर आली होती. रिझर्व्ह बँकेला जवळपास 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. 24 जुलैच्या औद्योगिक धोरणात 34 उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंतच्या परदेशी मालकीला परवानगी आपोआप मिळेल असं झालं. 1991-92 मध्ये परदेशी गुंतवणूक जेमतेम 13 कोटी डॉलर होती, 1997-98 पर्यंत ती साडेतीन अब्जांवर गेली.

पण जागतिकीकरण फक्त पैसा घेऊन आलं नाही, नियमही घेऊन आलं. 1997 च्या वाहन धोरणात सरकारने परदेशी कंपन्यांना तीन वर्षांत 50 टक्के आणि पाच वर्षांत 70 टक्के भाग इथले वापरा असं सांगितलं, त्यावर अमेरिका आणि युरोप डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, गेले, आणि 2001 मध्ये भारताने ते धोरण सोडलं, निकालही विरोधातच लागला. म्हणजे मारुतीच्या वेळी जी अट घालता आली ती आता घालायची सोयच राहिली नाही. हे नुकसान मला फार मोठं वाटतं आणि त्याबद्दल आपल्याकडे बोललंही कमी जातं.

पुण्याजवळच्या तळेगावचंच बघा ना. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 ला सुरू झाला, 2017 च्या शेवटी कंपनीने देशात गाड्या विकणं थांबवलं, निर्यात चालू होती तीही डिसेंबर 2020 मध्ये बंद. निर्णय डेट्रॉइटचा, म्हणजे कंपनीच्या अमेरिकेतल्या मुख्यालयाचा, आणि हजाराहून जास्त कामगार इथले. चीनची ग्रेट वॉल कारखाना घेणार होती, पण एप्रिल 2020 पासून शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागायला लागली, ती मिळाली नाही आणि 2022 मध्ये तो व्यवहार बारगळला. शेवटी 2023 ला ह्युंदाईने करार केला. त्यात जमीन होती, इमारती होत्या, काही मशिनरी होती, पण काढून टाकलेले कामगार तेव्हाही आपल्या नोकरीसाठी भांडतच होते.