दारातला कचरा पेटवणं आणि प्रकल्पात कचऱ्यातून वीज काढणं, दोन्ही एकच का?

दारासमोर कचऱ्याला काडी लावणाऱ्याला हटकलं की सोलापुरात ठरलेलं उत्तर येतं, "काय बे, तिकडं तुळजापूर रोडला कचरा जाळूनच वीज काढतेत की, मग आमच्या एवढ्याश्या ढिगानं काय बिघडतंय?" ऐकायला एकदम बिनतोड. फक्त तुळजापूर रोडच्या डेपोवर जो ३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभारला तो कचरा जाळणारा नाहीच आहे. त्याला बायोमिथेनेशन म्हणतात, म्हणजे गावाकडचा गोबरगॅसच, खूप मोठा. ओला कचरा बंद टाक्यांमध्ये हवा न लागू देता कुजवायचा, जिवाणू त्यातून मिथेन सोडतात, तो गॅस इंजिनात जाळून वीज होते आणि उरलेल्याचं खत. तिथं पेटतो तो गॅस, कचरा नव्हे.

आता खरोखर कचरा जाळून वीज करणारे प्रकल्पही आहेत, दिल्लीत ओखल्याला आहे, जबलपूरला आहे. तेव्हा तुलना त्यांच्याशीच करू.

सगळा फरक तापमानाचा आणि धुराचं पुढं काय होतं याचा. आपल्याकडच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा भट्टीसाठी अट होती की दुसऱ्या चेंबरमध्ये किमान ९५० अंश तापमान पाहिजे आणि तिथं धूर निदान २ सेकंद राहिला पाहिजे. २ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण एवढ्या उष्णतेत तेवढ्यात विषारी रेणू तुटतात. पुढं तो धूर झटकन थंड करायचा, कारण हळूहळू थंड होताना साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन नावाचं जहाल विष परत तयार व्हायला लागतं, मग त्यावर चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे विष शोषून घेणारा कोळसा, मारायचा, कापडी फिल्टरमधून गाळायचा आणि मग कुठं तो उंच चिमणीतून बाहेर. प्रकल्पातला बराच पैसा या धूर धुण्यावरच जातो.

आणि आपला ढीग? वर थोडी ज्वाळा, आत नुसतं धुमसणं, कारण आत भाजीची देठं, ओला भात, डायपर असलं सगळं. धुमसणारा ढीग बराच वेळ नेमका त्याच २०० ते ४५० च्या पट्ट्यात असतो, म्हणजे भट्टीवाले जो टप्पा टाळायला धडपडतात त्यातच आपण रात्रभर बसतो. डायॉक्सिनला क्लोरीन लागतं, ते पीव्हीसीतून मिळतं आणि थोडंफार खरकट्यातल्या मिठातूनही. पीव्हीसी म्हणजे कुठलं विचाराल तर चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो ना तो. आधी भाऊंचा फोटो, मग पत्र्यावर गळती थांबवायला, मग फाटला की ढिगात. वायरीसुद्धा तशाच, वरून पीव्हीसी आणि आत तांबं, आणि तांबं ही रिॲक्शन अजून जोरात करतं. तांब्यासाठी वायर जाळणं हा तर सगळ्यात घाण प्रकार.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या संशोधकांनी घरचा कचरा लोखंडी पिंपात जाळून धूर मोजला होता, २००० साली ते छापून आलं. रोज पिंपात कचरा जाळणारी २ ते ४० घरं मिळून जेवढं डायॉक्सिन सोडतात ते दिवसाला २०० टन जाळणाऱ्या, धूर गाळणाऱ्या आधुनिक प्रकल्पाच्या जवळपास जातं. म्हणजे एक गल्ली बरोबर एक कारखाना. परत कारखान्याचा धूर वर जातो, आपला खिडकीच्या उंचीला फिरतो, आणि थंडीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे हवा खाली बसलेली असते तेव्हा तर तिथंच तरंगत राहतो. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा ठरलेल्या पातळीत बसत नाही त्यांच्या यादीत सोलापूर आहेच.

बरं, धूर गेला म्हणून सुटलो असं नाही. राखेत शिसं, कॅडमियम तसंच राहतं आणि ती राख आपण कढीपत्त्याच्या बुडाला घालतो. डायॉक्सिन चाऱ्यावर बसतं, म्हशीच्या पोटात जातं, दुधाच्या सायीत येतं, आणि माणसाच्या चरबीत एकदा गेलं की वर्षानुवर्षं निघत नाही.

भट्टीवाले प्रकल्प लई भारी असतात असं मात्र मी म्हणत नाही. ओखल्याच्या आसपासचे लोक वर्षानुवर्षं तक्रारी करतायत, आणि फिल्टरमध्ये अडकलेली राख घातक कचराच असते, ती कुठंतरी पुरावीच लागते. त्यात आपला कचरा ओला. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली परदेशी तंत्राची भट्टी आणली होती, ती थोड्याच दिवसांत बंद पडली कारण कचऱ्यात जळण्यासारखी उष्णताच नव्हती. एवढ्या मोठ्या भट्टीला जो कचरा नीट जाळता आला नाही तो आपण एका काडीत जाळणार!

कायद्याचं थोडक्यात: राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५,००० रुपये भरपाई. दंड कितीदा होतो ते तुम्हालाही माहितीय.

घंटागाडी आली नाही की लोक पेटवतात हे खरंय, पण सुका कचरा चार दिवस पोत्यात ठेवला तर वास मारत नाही, वास मारतो तो ओला, आणि ओला तसाही जळत नाही. पालापाचोळा कोपऱ्यात खड्डा करून टाका. पूर्व भागातल्या लूमच्या सुती चिंध्यांना तर गिऱ्हाईक असतं, मशीन पुसायला गॅरेजवाले नेतात. तरी त्या अजून बंबात जातात, सोबत जुन्या चपला आणि कॅरीबॅगा. पॉलिस्टर मिसळलेल्या चिंध्या वितळून तो काळा चिकट धूर थेट न्हाणीघरात येतो आणि अंघोळ करणारा खोकत बाहेर येतो, म्हणून बंबात तुराट्या घाला, लाकूड घाला, भुईमुगाची टरफलं घाला, पाणी तेवढंच तापतं.