अंतराळातून टेबलावर आलेल्या प्रजाती

पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं काल्पनिक पात्र वठवत खेळायचा जादुई साहसांचा खेळ, खेळणारे वाढतायत आणि त्यांच्याबरोबर टेबलावरची माणसंही बदलतायत. माणसं म्हणजे कॅरेक्टर्स. पूर्वी एक एल्फ, एक ड्वार्फ, दोन मानव असा चमू जमायचा. आता बाल्डर्स गेट ३ हा २०२३ चा व्हिडिओ गेम खेळून आलेली मुलं पहिल्याच बैठकीत विचारतात, "डीएम, मी प्लाझ्मॉइड घेऊ?" डीएम म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा. प्लाझ्मॉइड म्हणजे हवा तो आकार घेणारा, इंचभर फटीतून पलीकडे सरकणारा लिबलिबीत जीव. त्याच्या शेजारी चार हातांचा नाकतोड्यासारखा थ्री-क्रीन, पाणघोड्याच्या तोंडाचा बंदूकधारी गिफ, झेप घेऊन तरंगणारा माकडासारखा हॅडोझी, यांत्रिक ऑटोनोम आणि ॲस्ट्रल एल्फ. ऑगस्ट २०२२ मध्ये खेळाची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने 'स्पेलजॅमर'चा, म्हणजे या खेळाच्या अंतराळातल्या जगाचा, नवा संच काढला. त्यात या सहा प्रजाती खेळाडूंना मिळाल्या. अनेकांची समजूत आहे की त्या तेव्हाच जन्मल्या. प्रत्यक्षात बहुतेकांचं वय तीस-चाळीस वर्षांचं आहे, आणि कोणाला खेळाडूचं पात्र होता येईल हा वाद तर खेळाइतकाच जुना आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा मानवाखेरीज एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट घेता येत. 'हॉबिट' पुढे हक्कांच्या तक्रारीमुळे 'हाफलिंग' झाले. त्याच पहिल्या पुस्तिकेत एक मोकळी मुभाही होती: दुबळ्या अवस्थेपासून सुरुवात करून हळूहळू बळ मिळवायची तयारी असेल, तर खेळाडूने जवळपास काहीही व्हावं, अगदी ड्रॅगनसुद्धा. पाच वर्षांत सूर पालटला. १९७९ च्या डीएमसाठीच्या ग्रंथात राक्षस-पात्रांवर स्वतंत्र मजकूर आहे आणि त्यात गायगॅक्स अशा पात्रांपासून डीएमला परावृत्त करतात. त्यांच्या मते जग मानवकेंद्रीच असायला हवं. नियमही तसेच होते. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात ड्वार्फ लढवय्या कितीही पराक्रमी असला तरी नवव्या पातळीपुढे जाऊ शकत नसे. मानवाला अशी मर्यादा नव्हती. स्त्री-पात्रांच्या ताकदीचा कमाल आकडाही पुरुषांपेक्षा कमी ठेवला होता.

हे नियम वाचताना मला त्रास होतो. जन्म कुठल्या घरात झाला यावर माणूस कुठवर जाईल हे ठरवणारी व्यवस्था आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. पातळीची ही मर्यादा २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेली, म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ ती टिकली.

दार पुन्हा किलकिलं केलं ते अंतराळयानांनी. १९७६ मध्ये जेम्स वॉर्ड यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' आला. अवाढव्य यान, आत कुठल्याशा आपत्तीनंतर बदललेली सृष्टी, आणि खेळाडूला मानवाबरोबरच उत्परिवर्तित जीव होण्याची मोकळीक. तलवार-जादूच्या टेबलावरही यान पोचलं होतं. त्याच वर्षी ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात खेळवलेलं आणि १९८० मध्ये छापलेलं गायगॅक्स यांचं एक साहस कोसळलेल्या यानात घडतं. तिथले परके जीव मात्र फक्त मारायचे शत्रू होते, त्यांच्या बाजूने कोणी बसत नसे.

खरं बीज १९८२ च्या 'स्टार फ्रंटियर्स'मध्ये आहे, आणि त्याचा उल्लेख इतका कमी होतो याचं मला वाईट वाटतं. टीएसआर, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सची तेव्हाची प्रकाशक कंपनी, तिच्याच या विज्ञानकथा-खेळात जादू नव्हती. मानवांबरोबर तीन प्रजाती होत्या. ड्रॅलासाइट हे अमीबासारखे, हवे तेव्हा हात-पाय काढणारे जीव. त्यांना कोट्या आणि जुनाट विनोद फार आवडत. व्रस्क हे कीटकांसारखे, व्यापारात मुरलेले. याझिरियन हे काखेपासून ताणलेल्या पडद्यावर तरंगणारे, माकडासारखे, मानी, आयुष्यभराचं एक वैर निवडणारे. कोणी कोणाचा नोकर नव्हता. चारही प्रजाती बरोबरीने एका बाजूला होत्या आणि साथर नावाच्या आक्रमकांशी लढत होत्या.

मग १९८९ मध्ये जेफ ग्रब यांनी 'स्पेलजॅमर' रचलं. कल्पना धीट होती. टीएसआरची वेगवेगळी जादुई जगं, म्हणजे ग्रेहॉक, फर्गॉटन रेल्म्स आणि क्रिन, एकाच अवकाशात आणायची आणि त्यांच्यामध्ये जहाजं सोडायची. प्रत्येक सूर्यमाला एका प्रचंड स्फटिकगोलात बंद; गोलांच्या मध्ये फ्लॉजिस्टन, ठिणगी पडली की भडकणारा रंगीत प्रवाह. युरोपातली मध्ययुगीन विश्वरचना आणि फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिएने अठराव्या शतकात मोडीत काढलेलं रसायनशास्त्र ग्रब यांनी गंभीरपणे नियमांत बसवलं. जहाजाभोवती हवेचं आवरण असतं, माणसं जास्त झाली की ती हवा लवकर कुबट आणि मग प्राणघातक होते. जादूगार एका खास आसनावर बसतो, त्या दिवसाचे त्याचे मंत्र खर्ची पडतात आणि जहाज धावतं, दिवसाला १० कोटी मैल, म्हणजे सुमारे १६ कोटी किलोमीटर. पृथ्वी-सूर्य अंतर साधारण १५ कोटी किलोमीटर आहे, तेव्हा सूर्य एका दिवसाच्या आत गाठता येतो. ज्या शहरात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आणि १९८८ पासून आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या खेळाडूंना ही गणितं करायला गोडी वाटावी. २०२२ च्या संचाने स्फटिकगोल आणि फ्लॉजिस्टन दोन्ही काढून त्यांच्या जागी ॲस्ट्रल समुद्र आणला. नियम सुटसुटीत झाले हे खरं, पण मला तो तोटा वाटतो. जुन्या रचनेत प्रवासाला वजन होतं, हवेचा हिशेब होता.

जहाजांबरोबर बंदरं आली. रॉक ऑफ ब्राल हे लघुग्रहावर वसलेलं शहर त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध. गावाच्या वेशीवर पाणघोडातोंड्या शिपाई दिसला तर डीएमला त्याचं कारण द्यावं लागतं. बंदरावर कोणी कोणाला विचारत नाही. गिफ १९८९ च्या मूळ संचातच होते. ऑटोनोम आणि हॅडोझी लगेचच्या पुरवण्यांत आले. ड्रॅलासाइटांचं पुढचं रूप म्हणजे प्लाझ्मॉइड. थ्री-क्रीन मूळचे १९८० च्या दशकातले राक्षस. त्यांना १९९१ च्या 'डार्क सन'ने खेळाडूंच्या हाती दिलं, म्हणजे वाळवंटाच्या वाटेने, अंतराळाच्या नव्हे.

हॅडोझींपाशी मात्र थांबायला हवं. ते याझिरियनांचे वारस आहेत. पण 'स्पेलजॅमर'मध्ये येताना ते एल्फ लोकांच्या जहाजांवर राबणारे झाले. बरोबरीची जागा तिथेच सुटली. २०२२ च्या पुस्तकात त्यांच्या उगमाची नवी कथा जोडली गेली: एका जादूगाराने त्यांना पकडलं, औषध पाजून बुद्धी दिली, विकण्यासाठी सैन्य बनवायचा बेत केला, आणि त्यांची सुटका केली ती जादूगाराच्याच शिष्यांनी. माकडांसारखे दिसणारे, विक्रीसाठी घडवलेले, दुसऱ्यांनी सोडवलेले. कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या पसरवलेल्या अपमानास्पद गोष्टींचा हा सांगाडा होता, आणि तो ओळखणाऱ्यांनी जोरदार आक्षेप घेतला. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीलाच कंपनीने माफी मागितली आणि तो मजकूर काढला.

आपल्याकडे काही जण म्हणाले, हा अमेरिकेतला वाद, आपल्याला त्याचं काय. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. शूद्र-अतिशूद्रांचं दास्य आणि तिथलं दास्य ही एकाच जातीची गोष्ट आहे हे या पुण्यातल्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पुण्यात बसून हॅडोझी खेळणाऱ्याला हा वाद परका नाही.

त्यानंतर बदल वेगाने झाले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने नियमांतून 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' वापरायचं जाहीर केलं. पाया त्याआधीच, २०२० मध्ये पडला होता: जन्माने मिळणारे गुणांक हवे तिथे हलवण्याचा पर्यायी नियम तेव्हा आला. २०२४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात ताकद, बुद्धी, चपळाई यांची वाढ प्रजातीवरून ठरतच नाही, ती पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरते. गोलायथ, ऑर्क आणि आसिमार आता या पुस्तकातल्या मूळ दहा प्रजातींत आहेत. अंतराळातल्या सहा त्यात नाहीत, पण जुन्या संचातून त्या चालतात.

हॅडोझींचं पान आता पूर्वेतिहासाच्या बाबतीत बरंच रिकामं आहे. हॅडोझी घेणाऱ्या खेळाडूला आणि त्याच्या डीएमला माझं सांगणं आहे की ती जागा भरताना १९८२ चे याझिरियन आधी वाचा. तिथे त्यांना मान आहे, वैर आहे, आणि त्यांच्या यानांचे कप्तान तेच आहेत.